लिंबावर अडलेली गाडी

कनकाबाईंना कशाकशाची किळस येते हे विचारण्यापेक्षा कशाची येत नाही ते विचारावं, उत्तर लवकर मिळतं. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीत लिफ्टचं बटण पदराच्या टोकाने दाबणारी बाई ही एकटीच. दुधाची पिशवी आधी धुणार, मग पुसणार, मग कापणार. पहिल्या मजल्यावरून कोणी नवरात्राचं सुंदल दिलं, तर वाटी हातात घेताना तोंडभर "अय्यो, कित्ती छान", आणि घरात गेल्यावर ते चणे बाल्कनीतून कावळ्यांना. कावळे पण असे लाडावलेत की नवरात्र कधी लागतं हे पंचांगाआधी त्यांना कळतं. यजमान शेषाद्रीराव बंदरावरच्या एका कचेरीतून निवृत्त झाले. या बाईबरोबर संसार करायचा म्हणजे माणसाने किती वेळा हातपाय धुतले असतील, यावर इमारतीतल्या बायकांची संध्याकाळची बैठक अजून संपलेली नाही.

घराणं तंजावरचं. मराठी पण तिकडचीच, जुन्या वळणाची. स्वयंपाकघरात तिच्यात निम्मं तमिळ मिसळतं, वर्गात इंग्रजी, आणि राग आला की तिन्ही भाषा एकाच वाक्यात. तंजावरकडच्याच काही मराठी कुटुंबांनी मिळून इथे एक शाळा काढलेली आहे, तिथे बाई अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतात. मुलं त्यांना समोर "मिस" म्हणतात. मागे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात कारल्याचा उल्लेख येतो.

लिफ्टचं बटण, दूध, सुंदल हे सगळं एकवेळ सोसवेल. बाईंना खरी शिसारी येते ती न केलेल्या प्रयोगाच्या आकड्याची. मुलं लॅबमध्ये यायची, उपकरणाभोवती उभी राहून गप्पा हाणायची, आणि मागच्या वर्षीच्या मुलांचे आकडे उतरवून घेऊन जायची. सगळ्यांचे आकडे सारखे, सगळे अचूक. परीक्षकही सही ठोकून कॉफीला जायचा. बाई म्हणायच्या, "दुसऱ्यानें चावलेलें विड्याचें पान तोंडांत घ्यावें तसलें हें!" शेषाद्रीराव तेव्हा जेवत असायचे. ते ताटावर हात ठेवून म्हणायचे, "कनका, आधी भात संपवूं दे."

म्हणून बाईंनी हट्टाने स्वतःची लॅब उभी केली. सुताराकडून लहान लहान लाकडी गाड्या करून घेतल्या. जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत नाकाला रुमाल लावून फिरल्या, बेअरिंगची दुकानं पालथी घातली आणि गाड्यांना अशी चाकं बसवली की फुंकर मारली तरी धावावीत. प्रयोग साधा. टेबलावर गाडी, गाडीला दोरा, दोरा टेबलाच्या कडेला असलेल्या कप्पीवरून खाली सोडलेला, आणि टोकाला वजन. वजन खाली जातं, गाडी पुढे ओढली जाते. एका खडूच्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर बघायचं. वजन वाढवा, गाडी आणखी झपाट्याने वेग घेते. न्यूटनचा दुसरा नियम, डोळ्यांनी बघायचा.

सुरुवातीला मुलांचे आकडे भलतीकडेच जायचे. कोणी घड्याळ उशिरा दाबी, कोणाचा दोरा तिरका. बाई त्यांना पुनःपुन्हा करायला लावत, आणि हळूहळू ते आकडे पुस्तकाच्या आसपास भटकायला लागले. अचूक नव्हते, पण त्या मुलांचे स्वतःचे होते. बाईंचा चेहरा त्या दिवसांत जरा सैल झाला होता. लिफ्टमध्ये एकदा हसल्या पण, असं दुसऱ्या मजल्यावरचे सांगतात. खात्रीचा साक्षीदार नाही.

तर हे सुख बघवलं नाही ते बालाजीरावांना. बालाजीराव म्हणजे शाळेचे करस्पाँडंट. इकडे शाळेचा कारभार बघणाऱ्या माणसाला असंच म्हणतात. त्यांना ती खोली हवी होती अनिकेतसाठी. अनिकेत हा नाशिकचा पोरगा. गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करायला चेन्नईत आला, तिथे कंटाळला, आणि आता शाळेत मुलांना प्रवेशपरीक्षेची तयारी करून देतो. दाढी कोरलेली, बोलणं गोड.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला होता, "पण लॅब म्हणजे परीक्षेत एखाद-दुसरा प्रश्न. तेवढ्यासाठी एवढी मोठी खोली? मी हाच प्रयोग मुलांना व्हिडिओत दाखवतो. गाडी अडकत नाही, दोरा तुटत नाही."

"जेवण पण व्हिडिओंत दाखवता काय हो तुम्ही? ताट विसळायला नक्को."

शेवटी बालाजीरावांनी तोडगा काढला. आयुधपूजेच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी ट्रस्टी येतील. मुलं त्यांना प्रयोग करून दाखवतील. ट्रस्टींना पटलं तर लॅब राहील, नाही तर खोली अनिकेतला. बाईंना नोकरीची काही वर्षं उरलेली. खोली गेली तर ती वर्षं फळ्यावर बाण काढण्यात जाणार, आणि मुलं पुन्हा चावलेलं पान चघळणार. सुट्टीभर शेषाद्रीरावांना हेच ऐकावं लागलं. भिंतीपलीकडे राहणाऱ्यांनाही.

आता आयुधपूजा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात दसऱ्याला झेंडूची माळ घातली की गाडीचं देणं फिटतं. चेन्नईत तसं नाही. इथे नवमीला ज्याचं जे हत्यार असेल त्याला चंदनाचं गंध, त्यावर कुंकू, पुढे गूळ आणि कुरमुरे. ऑटो, बस, शिलाईचं यंत्र, शिंप्याची कात्री, कोणी सुटत नाही. आणि ज्याला चाक आहे त्याच्या चाकाखाली लिंबू. पूजा झाली की गाडी पुढे घ्यायची, लिंबू चिरडायचं, दृष्ट गेली.

शाळा उघडली त्या सकाळी बाई लवकर पोचल्या. लॅबचा शिपाई राणोजी, तोही मूळचा तंजावरकडचाच, त्याने कुलूप काढलं. दार उघडलं आणि आतून जो भपकारा आला, त्याने बाई दोन पावलं मागे सरकून थेट राणोजीच्या पायावर उभ्या राहिल्या.

खिडक्या सुट्टीभर बंद. ऑक्टोबरचा दमट उकाडा. आत प्रत्येक टेबलावर प्रत्येक गाडीला गंधाचे थापे, त्यावर कुंकू. कप्प्यांच्या खाचेत तेलात कालवलेलं कुंकू. वजनांच्या पेटीत गूळ-कुरमुरे, आणि त्यावर मुंग्यांची अशी गर्दी की वजनं कुठली आणि मुंग्या कुठल्या ते कळू नये. आणि प्रत्येक गाडीच्या चाकांखाली लिंबं. चेपलेली, फुटलेली, आणि आता हिरवी-पांढरी लव आलेली. बुरशीवाली.

बाईंनी पदर नाकाला लावला. पदरातूनच आवाज आला. "राणोजी, हें काय?"

"पूजा, अक्का."

"तें दिसतें. चाकाखालीं काय?"

"लिंबू."

"ह्या गाडीच्या चाकाखालीं लिंबू?"

"ऑटोला ठेवतात, बसला ठेवतात. करस्पाँडंट सारांच्या कारला मींच ठेवलें. ही पण गाडीच की, अक्का. लहान म्हणून हिला दृष्ट लागत नाहीं काय?"

"ती कार लिंबावरून पुढें गेली! हिला कोण चालवणार होतें? गणपतीचा उंदीर?"

राणोजीने मान खाजवली. "तुम्हीं दोरा लावून चालवता. मला दोरा कळत नाहीं. म्हणून वरून दाबून ठेवलें नुसतें."

बाईंनी एक गाडी दोन बोटांनी उचलायचा प्रयत्न केला. टेबलच उचललं जातंय असं वाटलं. लिंबाचा रस आणि गूळ मिळून डिंक झाला होता. आणि चाकांत, जिथे जॉर्ज टाउनच्या बेअरिंगा होत्या, तिथे चंदन वाळून सिमेंट.

"चाकाच्या आंत गंध कोणीं कोंबलें?"

"मीं. चाक जिथें फिरतें तिथेंच शक्ती ना, अक्का? म्हणून तिथें जास्त लावलें." त्याच्या चेहऱ्यावर अगदी समाधान.

बाईंनी जुना टूथब्रश मागवला, बादली मागवली, पदर खोचला, आणि ती बुरशी त्यांच्या बोटाला लागली. त्या ओकल्या नाहीत, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पहिल्या गाडीची दोन चाकं जेमतेम मोकळी होतात तोच दारातून बालाजीराव ओरडले.

"अय्यो, अय्यो! पुसूं नका, कनकाबाई! गंध पुसूं नका!"

"सार, चाकें फिरत नाहींत."

"नाहीं फिरत तर नक्को! अन्नपूर्णाबाई येतात. त्यांना गंध-कुंकू लावलेलें बघून बरें वाटेल. इंग्रजी शाळेंत एवढी भक्ती कुठें बघायला मिळते?"

अन्नपूर्णाबाई म्हणजे ट्रस्टच्या प्रमुख. रेशमी साडीशिवाय त्यांना कोणी बघितलेलं नाही, आणि त्यांच्यापुढे बालाजीराव कंबरेत वाकतात ते कधीकधी तसेच राहतात. बादली परत गेली. खिडक्या उघडल्या, उदबत्त्या लावल्या. सडक्या लिंबाला उदबत्तीचा वास मिसळला की काय होतं, ते वर्णन जेवणाऱ्या वाचकासाठी सोडून दिलेलं बरं.

बाई कोपऱ्यात उभ्या राहून हात धूत राहिल्या. मग त्यांना एक विचार सुचला आणि त्यांनी नळ बंद केला. नाही चालत गाड्या, तर नाही चालत! मुलं ट्रस्टींना तेच सांगतील. "वजन लावलं, गाडी हलली नाही." मग आपण घर्षणावर बोलू. गंधाने काय केलं ते दाखवू. हाही प्रयोगच की! आपली मुलं जे दिसेल तेच सांगायला शिकलेली आहेत, हे यापेक्षा चांगलं कधी दिसणार? बाईंना चक्क हुरूप आला. इतक्या घाणीत हुरूप येणारी बाई ही, हे लक्षात ठेवा.

ट्रस्टी आले. बाईंना दारातच थांबून नमस्कार, विचारपूस, कोणाच्या नातीचं लग्न कुठे जमलं हे सगळं करावं लागलं. त्यांची एक नजर मुलांवर होती. मुलं टेबलांभोवती जमली. दोरे बांधले, वजनं लावली, मुंग्या झटकल्या. वजनं लोंबली. गाड्या लिंबांवर बसलेल्या होत्या त्या बसूनच राहिल्या. एक गाडी पण तसूभर हलली नाही, हे बाईंनी दारातून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. कार्तिकेय नावाचा उंच मुलगा तर घड्याळ हातात घेऊन गाडीकडे बघतसुद्धा नव्हता. शेजारच्याला क्रिकेटचं काहीतरी सांगत होता.

मग एकेक गट फळ्यापाशी गेला आणि आपापले आकडे लिहून आला.

बाईंनी फळा वाचला. सगळ्या टेबलांचे आकडे. वजन वाढेल तसा वेग कसा नेमका वाढत गेलाय! दशांशापर्यंत पुस्तकासारखे. सुट्टीआधी इतके चांगले कधीच आले नव्हते. येतील कसे? तेव्हा गाड्या खरोखर धावत होत्या.

"वा!" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "एकाचें पण चुकलें नाहीं?"

बालाजीरावांनी आधीच टाळ्या सुरू केल्या होत्या. अनिकेतसुद्धा वाजवत होता, पण हळू. बाई त्याच्याजवळ सरकल्या आणि दातांतल्या दातांत म्हणाल्या, "तुम्हीं सांगितलें त्यांना?"

"शपथ घेतो, मॅडम, मी एक शब्द बोललो नाही." अनिकेतने फळ्याकडे बघितलं. "त्यांना सांगावं लागत नाही."

बाईंनी जवळच उभ्या असलेल्या सुष्मिताला दंडाला धरून बाजूला घेतलं. हुशार मुलगी, पहिल्या बाकावरची. बाई तमिळमध्ये कुजबुजल्या, "तुझी गाडी गेली?"

"नाही, मिस."

"मग आकडा कुठून आला?"

सुष्मिताला प्रश्नच कळला नाही. तिने अगदी समजूत घातल्यासारखं सांगितलं, "गेली नाही म्हणून काय झालं, मिस? गेली असती तर एवढाच आला असता ना?"

त्या सकाळी बाईंनी बुरशीला हात लावला होता, मुंग्या अंगावर घेतल्या होत्या, पण खरी शिसारी आली ती आत्ता. ती पोरगी खोटं बोलत नव्हती! तिला ते खोटं वाटतच नव्हतं. सगळी पोरं अशी स्वच्छ, निरागस तोंडं करून उभी होती, गंध लावलेल्या गाड्यांसारखी.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी निकाल दिला. "बालाजीराव, लॅब राहूं दे. व्हिडिओ बघून असलें कुठें येतें? कनकाबाई, तुम्हीं फार मेहनत केलीत हो."

झालं. खोली वाचली. बाईंनी नुसते हात जोडायचे होते. फार तर डोळ्यांत पाणी आणायचं, तेही कोणी मागितलेलं नव्हतं. बालाजीराव मानेने खुणावत होते, जोडा, हात जोडा. बाईंनी हात वर आणले पण. आणि मग त्यांचं नाक आकसलं. इमारतीत हे नाक ज्यांनी लिफ्टमध्ये बघितलंय, त्यांना पुढे काय होणार ते सांगावं लागणार नाही.

"अम्मा, गाड्या गेल्याच नाहींत."

"काय?"

"एक पण गाडी हलली नाहीं. चाकाखालीं लिंबू आहे आणि आंत गंध. गाडी जागची हलत नाहीं, ती न्यूटनचा पहिला नियम तरी पाळते. हीं मुलें कुठला पाळतात तें मला माहीत नाहीं."

बालाजीराव हसले. "कनकाबाईंची थट्टा, अम्मा—"

"थट्टा असेल तर ढकलून बघा."

अन्नपूर्णाबाईंनी चष्मा चढवला, पुढे झाल्या, आणि सुष्मिताच्या टेबलावरची गाडी एका बोटाने ढकलली. हलली नाही. दोन बोटांनी ढकलली. मग त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि तळहात लावून असा जोर दिला की टचकन आवाज होऊन गाडी सुटली, अडखळत टेबलाच्या टोकापर्यंत गेली, कप्पीला आपटली, आणि चाकाखालचं ते केसाळ, काळं-हिरवं लिंबू घरंगळत येऊन अन्नपूर्णाबाईंच्या रेशमी निऱ्यांमध्ये विसावलं.

राणोजी म्हणाला, "दृष्ट गेली."

अन्नपूर्णाबाईंनी निऱ्या झटकल्या. त्यांनी फळ्याकडे बघितलं, मुलांकडे बघितलं. बाईंना वाटलं, आता मुलांना विचारतील. पण त्या वळल्या बाईंकडेच.

"घरांतलें खरकटें असें अंगणांत टाकायचें असतें काय, कनकाबाई? मुलांनीं छान लिहिलें होतें. मीं हो म्हटलें होतें. तुम्हांला कोणीं विचारलें होतें?"

अशा रीतीने ज्या मुलांनी काहीच केलं नव्हतं ती हुशार ठरली, आणि जिने खरं सांगितलं ती अडाणी. खोली अनिकेतला मिळाली. त्याने भिंती पांढऱ्या करून घेतल्या, मोठा पडदा लावला. त्याच्या व्हिडिओतली गाडी फार सुंदर धावते. तो भला मुलगा आहे. बाईंना म्हणाला, "मॅडम, गाड्या टाकून देऊ नका हं, शोकेसमध्ये ठेवू." बाईंनी त्याला जे उत्तर दिलं ते तीन भाषांत होतं आणि तिन्हींत छापता येत नाही. त्या दिवशी त्यांनी गाड्या रिक्षात घालून घरी आणल्या. शेषाद्रीरावांनी दार उघडलं, वास घेतला, आणि न सांगता बादली आणायला गेले.

धुतलेल्या गाड्या काही दिवस बाल्कनीत वाळत होत्या. बाई त्यांच्याकडे बघत नसत. शाळेतून येत, आंघोळ करत, मुलांबद्दल एक शब्द काढत नसत. शेषाद्रीरावांनी खालच्या मजल्यावर येऊन सांगितलं की घरात इतकी शांतता आहे की आपल्याला कान गेल्यासारखं वाटतं. एक गाडी मात्र बाईंनी धुतली नव्हती. का, ते विचारायची हिंमत कोणाला नव्हती. ती सुष्मिताच्या टेबलावरची, चाकांत चंदन तसंच.

एका शनिवारी संध्याकाळी सुष्मिता आली. इमारतीच्या खाली, पार्किंगमध्ये उभी राहून तिने वर हाक मारली. वर यायची तिला भीती वाटत होती म्हणे. बाई बाल्कनीत आल्या.

"काय पाहिजे? पुस्तक विसरलीस?"

"मिस, एक विचारू? तेवढाच आला नसता ना आकडा? गंध होतं आत. गाडी सुटल्यावर पण ती अडखळतच गेली. मी बघितलं."

"मग?"

"मग वेग कितीने कमी आला असता?"

बाई आत गेल्या. थोड्या वेळाने त्या जिन्याने खाली आल्या. एका हातात न धुतलेली गाडी, दुसऱ्यात वजनं. शेषाद्रीराव मागून कप्पी घेऊन. पार्किंगमधल्या जुन्या कॅरमच्या टेबलावर त्यांनी दोरा बांधला. वजन सोडलं. गाडी अडली, थरथरली, एक झटका घेऊन सरकली, पुन्हा अडली, आणि कशीबशी दुसऱ्या रेघेला पोचली. एखादा म्हातारा बससाठी धावतो तशी.

सुष्मिताने घड्याळ बघितलं. मग परत बघितलं. "मिस, हे काहीच्या काहीच आलंय."

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. वेगळं आलं.

"आता पण चुकलं, मिस. पहिल्यासारखं पण नाही आलं."

"चाक हातानें फिरवून बघ. कुठें अडतें?"

सुष्मिताने चाकात बोट घातलं. वाळलेल्या चंदनाचा खपला नखात अडकला, आत कुठेतरी जुन्या लिंबाचा रस चिकट लागला. तिने तोंड वाकडं केलं. "शी! मिस, घाण!"

"हो," कनकाबाई म्हणाल्या, आणि तिच्याजवळ टेबलाशी वाकल्या. "आतां लिही. जें आलें तेंच."